मोटार ड्रायव्हर पुन्हा पुन्हा शॉर्ट का होतो? वाचकांच्या चार पत्रांना उत्तरे

मोटार चालवणाऱ्या सर्किटांविषयी, म्हणजे ड्रायव्हरांविषयी, या वेळी कोकण किनाऱ्यावरून चार पत्रे आली आहेत. यंत्रे निरनिराळी आहेत, पण बहुतेक पत्रांतील तक्रार एकच आहे: जळालेला भाग बदलला, पुरवठा जोडला, आणि नवा भागही गेला किंवा जाण्याची भीती आहे. ड्रायव्हरमधील शॉर्ट शोधताना पुरवठा जोडून पाहणे ही सर्वांत महाग पडणारी पद्धत आहे, कारण फ्यूजची तार वितळायला जितका वेळ लागतो त्याच्या बहुधा कितीतरी आधी मॉस्फेटमधील, म्हणजे स्विचसारखे काम करणाऱ्या ट्रान्झिस्टरमधील, सिलिकॉनचा बारीक तुकडा जळून गेलेला असतो. म्हणून पहिली तपासणी पुरवठा पूर्णपणे तोडून, साध्या मल्टिमीटरनेच करावी, आणि जळालेला भाग का जळाला हे कळल्याशिवाय नवा भाग सोल्डर करू नये. मालवणच्या पत्राचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे, कारण त्यातील तपासणीची पद्धत बाकीच्या पत्रांनाही उपयोगी पडणारी आहे.

प्रश्न : मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरी मासळी सुकवण्याचा व्यवसाय आहे. पावसाची सर आली की ओट्यावर ताडपत्री ओढून घेणारे आणि उघडीप मिळताच ती परत गुंडाळणारे यंत्र मी प्रकल्प म्हणून करत आहे. त्यासाठी गाडीची जुनी १२ व्होल्टची वायपर मोटार, चार आयआरएफझेड४४एन मॉस्फेट, मॉस्फेटना चालू-बंद करणारे दोन आयआर२११० आयसी आणि आर्डुइनो उनो हा कंट्रोलर बोर्ड वापरला आहे. मोटार लोखंडी अँगलच्या सांगाड्यावर बसवली असून बॅटरीची निगेटिव्ह वायरही सांगाड्याला जोडली आहे. एका दिशेने मोटार व्यवस्थित फिरते. उलट फिरवली की १५ अँपिअरचा फ्यूज उडतो आणि प्रत्येक वेळी उजव्या बाजूचेच दोन मॉस्फेट जातात. टेबलावर ठेवून पाहिली तेव्हा मोटार दोन्ही दिशांना चालली होती. सर, माझा कोड चुकला आहे की मॉस्फेट बनावट आहेत?
(एक विद्यार्थी, मालवण)

उत्तर : तुमच्या पत्रातच उत्तराचा मोठा भाग आहे. मोटार कशावर बसवली आहे आणि बॅटरीची निगेटिव्ह कोठे जोडली आहे हे सहसा कोणी लिहीत नाही. तुम्ही ते लिहिले, त्यामुळे दोष जवळजवळ हाताशी आला आहे. अनेक गाड्यांच्या वायपर मोटारींत एक ब्रश (फिरत्या भागाला वीज पोहोचवणारा कार्बनचा तुकडा) मोटारीच्या लोखंडी बॉडीलाच जोडलेला असतो. गाडीत त्यामुळे काही बिघडत नाही, कारण तेथे चेसिस हाच बॅटरीचा निगेटिव्ह असतो आणि मोटार एकाच दिशेने फिरते. तुमच्या चार मॉस्फेटांच्या ब्रिजमध्ये मोटारीच्या प्रत्येक टोकाला वरचा मॉस्फेट पॉझिटिव्हशी आणि खालचा निगेटिव्हशी जोडतो. म्हणून तुमच्या यंत्रात मोटार उलट फिरवायची म्हणजे त्याच ब्रशला पॉझिटिव्ह द्यावा लागतो. ब्रश बॉडीला, बॉडी सांगाड्याला आणि सांगाडा बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेला असेल, तर उजव्या बाजूचा वरचा मॉस्फेट चालू होताक्षणी बॅटरी त्या मॉस्फेटमधून थेट शॉर्ट होते. मोटारीचे वाइंडिंग त्या वाटेत येतच नाही, म्हणून प्रवाह आवरणारे काही उरत नाही.

उजवीकडचे दोन्ही मॉस्फेट का जातात याचाही उलगडा यातून होतो. आधी वरचा मॉस्फेट जळतो, आणि मॉस्फेट जळताना बहुतेक वेळा ड्रेन आणि सोर्स या आपल्या दोन मुख्य पायांमध्ये कायमचा जोडला जातो. त्यानंतर फ्यूज बदलून तुम्ही मोटार सुलट दिशेने चालवून पाहता, तेव्हा उजवीकडचा खालचा मॉस्फेट चालू होतो. वरचा आधीच शॉर्ट असल्यामुळे पॉझिटिव्हपासून निगेटिव्हपर्यंत सरळ वाट तयार होते आणि खालचाही जातो. टेबलावर बॉडी कशालाच जोडलेली नव्हती, म्हणून तेथे दोन्ही दिशा चालल्या. दोष कोडमध्ये किंवा मॉस्फेटच्या दर्जात असता, तर तो नेहमी एकाच बाजूला आणि फक्त सांगाड्यावर बसवल्यावरच दिसण्याचे कारण नव्हते.

तरीही माझ्या तर्कावर विसंबू नका. मोजून खात्री करा. मोटार सांगाड्यावरून उतरवा, तिच्या वायरी सर्किटमधून सोडवा आणि मीटर ओहमवर ठेवून प्रत्येक वायर व बॉडी यांच्यातील रोध मोजा. बॉडी खरोखर वेगळी असेल तर प्रत्येक वायरीला मीटर ओएल, म्हणजे जोड नाही, असे दाखवील. एक ब्रश बॉडीला जोडलेला असेल तर दोन्ही वायरी बॉडीशी जोडल्यासारख्या दिसतील, कारण वाइंडिंगचा स्वतःचा रोध साधारण एक ओहमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. दोहोंपैकी जिचे वाचन किंचित कमी येते ती बॉडीला जोडलेली वायर समजावी. वायपर मोटारीत पाती ठरावीक जागी थांबवण्यासाठी एक वेगळा स्विच असतो आणि त्याची वायरही बाहेर आलेली असते. ती तुम्ही वापरत नसाल तर तिचे टोक नीट इन्सुलेट करा, कारण तो स्विच फिरताना काही कोनांत बॉडीला जोडला जातो.

यावर उपाय करताना सांगाड्याची निगेटिव्ह वायर काढून टाकण्याचा मोह होईल. ते करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. तसे केल्यास मोटार उलट फिरताना संपूर्ण सांगाडा बॅटरीच्या पॉझिटिव्हला राहील. खाऱ्या पाण्याने ओल्या झालेल्या ओट्यावर पॉझिटिव्हला जोडलेले लोखंड फार झपाट्याने गंजते, आणि कोठेही निगेटिव्ह वायर खरचटून सांगाड्याला टेकली की तोच शॉर्ट पुन्हा उभा राहतो. मोटार नायलॉनच्या बुश आणि रबरी पट्टीवर बसवून वेगळी ठेवता येते, परंतु तिचा दांडा, कप्पी आणि ताडपत्री ओढणारी तार यांच्यातूनही सांगाड्याशी जोड होऊ शकते, हे ध्यानात ठेवावे लागते. सर्वांत चांगला मार्ग म्हणजे मोटार उघडून ब्रशची बॉडीशी असलेली जोडणी सोडवणे आणि तेथून स्वतंत्र वायर बाहेर आणणे. ते जमण्यासारखे नसेल तर दोन्ही ब्रश बॉडीपासून वेगळे असलेली गिअरची डीसी मोटार घ्यावी.

आता सर्किटाकडे वळू. नवे मॉस्फेट लावण्यापूर्वी सध्या काय काय जळाले आहे हे नक्की करा. बॅटरी आणि मोटार दोन्ही सोडवलेल्या असल्या पाहिजेत. मोटार जोडलेली राहिली तर तिच्या कमी रोधामुळे उजवीकडचा शॉर्ट डावीकडेही दिसतो आणि चांगले मॉस्फेट विनाकारण काढले जातात. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवा. लाल प्रोब निगेटिव्ह पट्टीवर आणि काळा प्रोब उजव्या आउटपुटवर, म्हणजे मोटारीची उजवीकडची वायर जोडतात तेथे, ठेवल्यास खालच्या मॉस्फेटमधील अंगभूत डायोड ०.४ ते ०.६ व्होल्ट दाखवतो; लाल प्रोब आउटपुटवर आणि काळा पॉझिटिव्ह पट्टीवर ठेवल्यास वरच्या मॉस्फेटचा डायोड तेवढेच दाखवतो. प्रोब उलटे केल्यावर मीटरवर ओएल यायला हवे. पुरवठ्यावर मोठा कपॅसिटर असल्यामुळे उलट मोजताना सुरुवातीला एखादा आकडा दिसून तो चढत जाईल, कंटिन्युइटीवर क्षणभर आवाजही येईल. तो शॉर्ट नव्हे, कपॅसिटर भरला जात आहे. दोन्ही बाजूंनी शून्याच्या जवळचे वाचन स्थिर राहत असेल तरच तो मॉस्फेट शॉर्ट आहे. हीच चार मोजमापे डाव्या बाजूलाही घ्या आणि दोन्हींची तुलना करा. सर्किटात असलेल्या भागांची वाचने आजूबाजूच्या भागांमुळे बदलतात, म्हणून निव्वळ आकड्यापेक्षा चांगल्या बाजूशी केलेली तुलना अधिक भरवशाची असते.

मॉस्फेट जळताना गेटचा, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या तिसऱ्या पायाचा, अतिशय पातळ ऑक्साइडचा थरही अनेकदा फाटतो आणि मोटारीचा पुरवठा गेटमार्गे ड्रायव्हर आयसीत शिरतो. म्हणून आयआर२११० च्या एलओ पिनपासून (खालच्या गेटची) कॉमपर्यंत (निगेटिव्हची) आणि एचओपासून (वरच्या गेटची) व्हीएसपर्यंतचे (आउटपुटची) वाचन दोन्ही आयसींवर घेऊन ताडून पाहा. उजवीकडचे वाचन वेगळे आले तर तो आयसी बदला. गेटचे रेझिस्टर आतून तुटून ओपन झाले आहेत का तेही मोजा. एका बाजूचा एकच मॉस्फेट शॉर्ट निघाला तरी त्या बाजूचे दोन्ही बदलावेत, कारण दुसऱ्यानेही तोच प्रचंड प्रवाह सोसलेला असतो.

मॉस्फेटच्या पाठीमागची धातूची पट्टी म्हणजे त्याचा ड्रेन असतो. वरच्या दोघांचा ड्रेन पॉझिटिव्हला असतो, खालच्या दोघांचा आपापल्या आउटपुटला. चौघे एकाच हीट सिंकवर अभ्रकाची चकती आणि स्क्रूचा प्लास्टिकचा बुश न लावता बसवले असतील तर हीट सिंकच शॉर्ट घडवतो. प्रत्येक पट्टी आणि हीट सिंक यांच्यात ओएल आहे याची खात्री करा.

तुमच्या कोडाविषयीची शंका अगदीच निराधार नाही. आयआर२११० हा आयसी वरच्या आणि खालच्या मॉस्फेटला स्वतंत्रपणे चालवतो. दोघे एकाच वेळी चालू होऊ नयेत याची कोणतीही व्यवस्था त्याच्यात नाही. दिशा बदलताना तुम्ही एक पिन हाय करता आणि त्यानंतर दुसरी लो करता, तर मधल्या काही मायक्रोसेकंदांत एकाच बाजूचे दोन्ही मॉस्फेट चालू राहतात, आणि तेवढा काळ बॅटरी शॉर्टच असते. म्हणून आधी चारही पिन लो कराव्यात, मोटार थांबेपर्यंत, म्हणजे अर्धा सेकंद तरी, वाट पाहावी आणि मगच उलट दिशेच्या पिन हाय कराव्यात. या थांबण्याचा दुसराही फायदा आहे. समजा वाइंडिंगचा रोध ०.६ ओहम आहे. मोटार अडली तर तिच्यातून १२ भागिले ०.६, म्हणजे २० अँपिअर जातील. परंतु पूर्ण वेगाने फिरत असताना ती एकदम उलट केली, तर मोटारीने निर्माण केलेला सुमारे ११ व्होल्टचा दाब बॅटरीच्या दाबात मिळतो आणि प्रवाह ३८ अँपिअरपर्यंत चढतो.

पीडब्ल्यूएम (वेग कमी-जास्त करण्यासाठी पुरवठा झपाट्याने चालू-बंद करणे) करताना वरचा आणि खालचा मॉस्फेट आलटून पालटून चालवत असाल तर कोडातील थांबा पुरेसा नाही. गेटच्या रेझिस्टरला समांतर एक १एन४१४८ डायोड लावा, त्याची कॅथोडची, म्हणजे पट्ट्याची, बाजू आयसीकडे ठेवा. त्याने मॉस्फेट बंद लवकर होतो आणि चालू थोडा उशिरा. त्यापेक्षा सोपे म्हणजे आयआर२१०४ वापरणे. त्याच्यात सुमारे ५२० नॅनोसेकंदांचा डेड टाइम, म्हणजे दोन्ही मॉस्फेट बंद असण्याचा मधला काळ, आतच ठेवलेला आहे आणि एकाच इनपुटवरून दोन्ही मॉस्फेट चालत असल्यामुळे ते एकत्र चालू करण्याचा प्रसंगच येत नाही. नवशिक्याने प्रकल्पासाठी हाच घ्यावा असे मी सुचवीन.

एक लहान पण वारंवार नडणारी बाब वरच्या मॉस्फेटच्या गेटला दाब पुरवणाऱ्या बूटस्ट्रॅप कपॅसिटरची आहे. किलोहर्ट्झमध्ये चालणाऱ्या सर्किटांवरून उचललेला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आर्डुइनोच्या नेहमीच्या ४९० हर्ट्झच्या पीडब्ल्यूएमला पुरत नाही. विशेषतः गेट आणि सोर्स यांच्यात १० किलोओहमचा रेझिस्टर असेल तर तो प्रत्येक फेऱ्यात रिकामा होत जातो आणि वरचा मॉस्फेट मध्येच बंद पडून मोटार अडखळते. तेथे १० मायक्रोफॅरड घ्या आणि पीडब्ल्यूएम पूर्ण २५५ वर, म्हणजे सतत चालू, कधीही ठेवू नका, कारण हा कपॅसिटर भरण्यासाठी आउटपुट अधूनमधून खाली यावेच लागते.

सर्व दुरुस्ती झाल्यावर बॅटरी थेट जोडू नका. गॅरेजमध्ये मिळणारा १२ व्होल्ट २१ वॉटचा ब्रेक लाइटचा बल्ब बॅटरी आणि ब्रिज यांच्यामधल्या पॉझिटिव्ह वायरीत सिरीजमध्ये घाला. आयआर२११० आणि आर्डुइनो यांचा पुरवठा मात्र बल्बच्या अलीकडून, सरळ बॅटरीवरून घ्या. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण उजळेल, प्रवाह पावणेदोन अँपिअरच्या वर जाणार नाही आणि मॉस्फेट वाचतील. शॉर्ट नसेल तर कपॅसिटर भरताना बल्ब क्षणभर लुकलुकून विझेल. मोटार न जोडता पीडब्ल्यूएम चालू करा आणि बल्बच्या जोडीला मीटर १० अँपिअरच्या रेंजवर सिरीजमध्ये ठेवा. मोटार नसताना काही मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह दिसत असेल किंवा बल्ब मंदसा जरी तेवत असेल, तर दोन्ही मॉस्फेट काही काळ एकत्र चालू राहत आहेत असे समजून पुन्हा कोडाकडे वळा. त्यानंतरच मोटार जोडावी, तीही आधी बल्बमार्फतच.

मॉस्फेट बनावट आहेत का हेही याच बल्बने पाहता येते. सुट्या मॉस्फेटचा ड्रेन बल्बमार्फत बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि सोर्स निगेटिव्हला जोडून गेटला १२ व्होल्ट द्या. बल्ब पूर्ण उजळला असताना ड्रेन आणि सोर्स यांच्यामध्ये, मॉस्फेटच्या पायांवरच प्रोब टेकवून, सुमारे ३० मिलिव्होल्ट किंवा त्याहून कमी दाब यायला हवा, कारण आयआरएफझेड४४एनचा चालू अवस्थेतील रोध जास्तीत जास्त १७.५ मिलिओहम दिलेला आहे. याच्या दुपटी-तिपटीने जास्त आले तर तो माल खरा नाही असे खुशाल समजावे.

प्रश्न : आमच्या शाळेच्या विज्ञान मंडळात मुले एल२९८एन या तयार मोटार ड्रायव्हर मॉड्यूलवर दोन मोटारींची गाडी बनवत आहेत. पत्र्याच्या चेसिसवर सर्व काही बसवताच मॉड्यूलवरचा ५ व्होल्टचा रेग्युलेटर तापून बंद पडतो. बॅटरी लिथियमची, १२ व्होल्टची आहे.
(एक शिक्षक, गुहागर)

उत्तर : पत्र्याच्या चेसिसमुळे प्रथम दोन जागा पाहाव्यात. मॉड्यूलच्या पाठीमागे सोल्डरची टोके उघडी असतात आणि ती पत्र्याला टेकू शकतात. त्याखाली प्लास्टिकचे स्पेसर घालावेत. लहान पिवळ्या गिअर मोटारींच्या तांब्याच्या पातळ पट्ट्या वाकून पत्र्याला लागतात का तेही पाहावे. त्यानंतर जम्परकडे, म्हणजे रेग्युलेटर जोडणाऱ्या-तोडणाऱ्या लहान टोपीकडे, लक्ष द्यावे. जम्पर जागेवर असताना मॉड्यूलचे ५ व्होल्टचे टर्मिनल हे बाहेर पुरवठा देणारे असते. त्याच टर्मिनलला यूएसबीवर चालणाऱ्या आर्डुइनोचे ५ व्होल्ट जोडले तर दोन पुरवठे एकमेकांवर ढकलले जातात. दोहोंपैकी एकच ठेवावा आणि ग्राउंड मात्र सर्वांचा एकत्र असावा. पुरवठा १२ व्होल्टच्या वर जात असेल तर जम्पर काढून टाकावा. तीन लिथियम सेलची बॅटरी पूर्ण भरल्यावर १२.६ व्होल्टची असते, हे येथे महत्त्वाचे आहे. त्या रेग्युलेटरवर सर्व्हो मोटार चालवण्याचा प्रयत्न मुले करत असतील तर तोही थांबवावा. लिथियम बॅटरीचा शॉर्ट मुलांच्या हातात होऊ नये म्हणून बॅटरीच्या अगदी टोकाशी ३ अँपिअरचा फ्यूज असल्याशिवाय गाडी जोडू देऊ नये, ही विनंती.

प्रश्न : आमचा छोटा काजू प्रक्रिया उद्योग आहे. कन्व्हेयरची २ एचपीची थ्री फेज मोटार व्हीएफडीवर, म्हणजे वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर, चालते. पावसाळ्यात रोज सकाळी मशीन चालू करताना ड्राइव्ह कधी ओव्हरकरंट तर कधी अर्थ फॉल्ट दाखवून ट्रिप होतो. दोन-तीनदा रिसेट केल्यावर किंवा दुपारी तो व्यवस्थित चालतो. मेकॅनिक ड्राइव्ह बदलायला सांगत आहेत. खर्च मोठा आहे. आपला सल्ला काय?
(एक उद्योजक, वेंगुर्ले)

उत्तर : सकाळी ट्रिप आणि दुपारी सुरळीत, या लक्षणावरून ड्राइव्हमधील आयजीबीटी (मोठ्या दाबाचा स्विच ट्रान्झिस्टर) शॉर्ट असण्याची शक्यता फार कमी वाटते, कारण शॉर्ट झालेला आयजीबीटी दुपारी सुधारत नाही. हे दमटपणाचे लक्षण आहे. ते मोटारीत आहे, केबलमध्ये आहे की ड्राइव्हच्या कार्डावर (सर्किट बोर्डावर) आहे एवढेच शोधायचे आहे. तोवर रिसेट करून पुन्हा पुन्हा चालू करणे कृपया थांबवावे, कारण आज जी केवळ गळती आहे तिचा असा एखादा प्रयत्न खरा शॉर्ट करून ठेवील.

हे काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावे. ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हमधील डीसी कपॅसिटरांवर सुमारे ५८५ व्होल्ट साठलेले असतात आणि मेन स्विच बंद केल्यावरही ते काही मिनिटे टिकतात. पुरवठा तोडून किमान दहा मिनिटे थांबावे आणि त्यानंतरही मीटरने मोजून दाब उतरल्याची खात्री झाल्यावरच हात लावावा. मग यू, व्ही, डब्ल्यू या तीन टर्मिनलवरून मोटारीची केबल सोडवावी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे दोष दिसतो त्याच वेळी, ड्राइव्ह मोटारीविना चालवून पाहावा. मोटार जोडलेली नसल्याचा संदेश काही ड्राइव्ह दाखवतात, त्याकडे दुर्लक्ष करावे. ओव्हरकरंट किंवा अर्थ फॉल्ट आला नाही तर ड्राइव्ह निर्दोष आहे असे मानून मोटार आणि केबल मेगर करावी, म्हणजे मेगर या मीटरने त्यांच्या इन्सुलेशनचा रोध मोजावा.

मेगर करताना केबल ड्राइव्हपासून सुटलेली असलीच पाहिजे. ५०० व्होल्टचा मेगर ड्राइव्हच्या आउटपुटवर लावल्यास चांगला आयजीबीटीही जातो, आणि अशा रीतीने तपासणीनेच ड्राइव्ह मेल्याची उदाहरणे कमी नाहीत. आधी केबलसह आणि नंतर मोटारीचा टर्मिनल बॉक्स उघडून केबल वेगळी करून मोजावे. वाइंडिंग आणि बॉडी यांच्यातील रोध एक मेगाओमच्या खाली असेल तर ती मोटार चालवू नये. कोरड्या, चांगल्या मोटारीचा तो शंभर मेगाओमच्या वर असतो. टर्मिनल बॉक्सचे गॅस्केट कडक होऊन फाटलेले आणि आत हिरवट थर साचलेला आढळेल असा माझा अंदाज आहे. केबल बॉक्समध्ये वरून शिरत असेल तर पाणी केबलवरून ओघळत सरळ आत जाते. ती खालून, ग्लँडमधून (केबलभोवती घट्ट बसणाऱ्या बुशातून) घ्यावी. ओली मोटार मंद उष्णतेवर दिवसभर वाळवून पुन्हा मेगर करावी. रोध वर आला नाही तर रिवाइंडिंगला पर्याय नाही, पण तो खर्च नव्या ड्राइव्हपेक्षा कमीच राहील.

ड्राइव्ह मोटारीविनाही ट्रिप झाला तर कार्ड पाहावे लागेल. समुद्राकाठी दमटपणा आणि मीठ वेगवेगळे धरून चालत नाही. साधे मीठ सुमारे ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या वर हवेतील पाणी ओढून स्वतःच विरघळते, आणि समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असल्यामुळे ते त्याहून बऱ्याच कमी आर्द्रतेलाही ओले राहते. वेंगुर्ल्याच्या पावसाळी हवेत म्हणजे कार्डावरचा मिठाचा अदृश्य थर रात्रभर विद्युतवाहक होऊन बसतो. त्यावर डीसी दाब असला की तांबे एका ट्रॅकवरून सुटून दुसऱ्याकडे केसासारखे वाढत जाते, आणि तो शॉर्ट मात्र कार्ड वाळल्यावरही जात नाही. काजूच्या टरफलाच्या तेलाचा चिकट थर असेल तर धूळ आणि मीठ दोन्ही त्याला धरून राहतात.

अशी कार्डे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसण्याची पद्धत आहे, पण तेवढ्याने भागत नाही. अल्कोहोलमध्ये तेल आणि फ्लक्स विरघळतात, मीठ जवळजवळ विरघळत नाही. ते काढायला पाणीच लागते. म्हणून प्रथम अल्कोहोलने तेल काढावे, मग बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्याने मऊ ब्रशने धुवावे, शेवटी पुन्हा अल्कोहोल फिरवून पाणी हटवावे आणि कार्ड उबदार हवेत पूर्ण वाळू द्यावे. पंखा, डिस्प्ले आणि उघडे रिले यांना पाणी लागू देऊ नये. वाळल्यावर ॲक्रिलिक किंवा सिलिकॉनचे कन्फॉर्मल कोटिंग, म्हणजे संरक्षक लेप, द्यावे, कनेक्टर झाकून. पॅनलमध्ये थर्मोस्टॅट असलेला लहान स्पेस हीटर बसवून तो रात्री चालू ठेवल्यास आतील तापमान बाहेरच्यापेक्षा थोडे वर राहते आणि दव धरत नाही. माझ्या मते आपल्या ठिकाणी हा हीटर आणि खालून घेतलेली केबल ही दोन कामे नव्या ड्राइव्हच्या आधी व्हावीत. ती न करता नवा ड्राइव्ह बसवला तर पुढच्या जुलैत तोही सकाळी ट्रिप होऊ लागेल.

प्रश्न : माझ्या ३६ व्होल्टच्या ई-सायकलला मागच्या चाकात हब मोटार आहे. किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर भरतीचे पाणी आले होते, त्यातून गेल्यावर तिने झटका दिला आणि फ्यूज उडाला. आता बॅटरी काढून ठेवली तरी सायकल ढकलताना चाक अडखळत फिरते. कंट्रोलर गेला की मोटार? दुकानदार दोन्ही बदला म्हणतात.
(एक वाचक, अलिबाग)

उत्तर : दोन्ही बदलण्याआधी घरीच एक साधी परीक्षा करता येते. बॅटरी काढलेली असतानाही चाक जड जाते, याचा अर्थ मोटार जनित्राचे काम करत आहे आणि तिने निर्माण केलेला प्रवाह कोठेतरी शॉर्टमधून फिरून तिलाच अडवत आहे. तो शॉर्ट कंट्रोलरच्या सहा मॉस्फेटपैकी एखाद्यात असू शकतो किंवा मोटारीच्या आत. कंट्रोलर आणि मोटार यांच्यामधल्या तीन जाड फेज वायरी सोडवा, त्यांची टोके एकमेकांपासून दूर ठेवा आणि चाक फिरवा. चाक मोकळे झाले तर शॉर्ट कंट्रोलरमध्ये आहे. तरीही जड असेल तर तो मोटारीत किंवा एक्सलमधून आत जाणाऱ्या केबलमध्ये आहे. आपली हब मोटार आतून गिअरची असेल तर तिच्यात फ्रीव्हील असते आणि चाक पुढे फिरवताना मोटार फिरतच नाही. अशा वेळी ही परीक्षा चाक उलटे फिरवून करावी. चाक मोकळे झाल्यावर फेज वायरींची दोन-दोन टोके जोडून पाहा. तिन्ही जोड्यांना चाक सारखेच जड जायला हवे.

कंट्रोलरची खात्री मीटरने होते. डायोडच्या खुणेवर लाल प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह वायरीवर आणि काळा प्रोब एकेका फेजवर, त्यानंतर लाल प्रोब एकेका फेजवर आणि काळा पॉझिटिव्हवर ठेवा. सहाही वाचने जवळपास सारखी, अर्ध्या व्होल्टच्या आसपास हवीत. ज्या फेजला शून्य येईल तेथील मॉस्फेट गेला. हाताला सोल्डरिंगची सवय असेल तर तो मॉस्फेट आणि त्याच फेजचा जोडीदार बदलता येतो, पण सीलबंद कंट्रोलरमध्ये खारे पाणी शिरले असेल तर तो बदललेलाच बरा.

नवा कंट्रोलर जोडण्याच्या आधी मात्र एक्सलजवळची केबल नीट पाहा. जाड फेज वायरी आणि मोटारीची स्थिती कळवणाऱ्या हॉल सेन्सरच्या पाच बारीक वायरी तेथे एकाच नळीतून जातात. नळी कापली गेली आणि खारे पाणी आत मुरले की फेजचा दाब हॉलच्या ५ व्होल्टच्या वायरीत उतरतो आणि कंट्रोलरचा मेंदू असलेला आयसीच जळतो. हे न पाहता बसवलेला नवा कंट्रोलर पहिल्याच फेरीत जाऊ शकतो. हॉलचा प्लग सोडवून मोटारीकडील बाजूला लाल आणि काळ्या बारीक वायरींमध्ये, तसेच प्रत्येक बारीक वायर आणि फेज यांच्यात मोजा. फेजशी कोठेही जोड दिसता कामा नये. केबल बसवताना ती एक्सलमधून खाली झुकून मग वर जाईल अशी ठेवा, म्हणजे पाणी वळणावरून गळून पडेल. पहिल्यांदा बॅटरी जोडताना पॉझिटिव्ह वायरीत १२ व्होल्ट २१ वॉटचे तीन बल्ब एकमेकांना सिरीजमध्ये घाला, कारण ३६ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरल्यावर ४२ व्होल्टपर्यंत जाते आणि एकटा बल्ब ते सोसणार नाही. बल्ब लुकलुकून विझले तर ते काढून बॅटरी थेट जोडायला हरकत नाही. ते तेवत राहिले तर बॅटरी तत्काळ सोडवा आणि हॉलच्या वायरींपासून पुन्हा मोजायला लागा.